वहिवाट आणि नोंद

उबुंटू या लिनक्स प्रणालीची 18.04 ही आवृत्ती एप्रिल 2018मध्ये आली. पाच वर्षं दुरुस्त्या मिळत राहतील अशी हमी असलेली ही आवृत्ती, त्यामुळे 16.04वर दोन वर्षं काढलेले अनेक जण तिची वाट पाहत होते. अपग्रेड बहुधा सुरळीत व्हायचं. कागदपत्रं जागच्या जागी, वाय-फाय चालू, ब्राउझरमधले बुकमार्कही शाबूत. मग हात सवयीनं टचपॅडच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जायचा, बोट दाबलं जायचं आणि उजव्या क्लिकचा मेनू उघडायचाच नाही. साधा डावा क्लिक व्हायचा.

या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान उबुंटूनं स्वतःचा युनिटी डेस्कटॉप सोडून गनोम स्वीकारला होता, तेव्हा बदल तर बरेच होते. पण डॉक, मेनू, वर्कस्पेस यांतले बदल डोळ्यांना दिसत होते. हा बदल फक्त बोटाला कळत होता. म्हणूनच पहिला संशय यंत्रावर जायचा: टचपॅड बिघडला असेल, ड्रायव्हर नीट बसला नसेल, नव्या कर्नलला हा लॅपटॉप ओळखता येत नसेल. या वाटेनं शोध सुरू केला की तासन्‌तास जातात आणि हाती काही लागत नाही, कारण बिघाड असा कुठे नसतोच.

झालं होतं ते एवढंच. मार्च 2018मध्ये गनोमची 3.28 ही आवृत्ती आली आणि तिच्यात टचपॅडच्या एका सेटिंगचं डीफॉल्ट बदललं. त्या सेटिंगचं नाव क्लिक-मेथड. तोवर बहुतेक टचपॅडांवर ‘एरियाज’ ही पद्धत चालायची: टचपॅडच्या खालच्या पट्टीचे भाग पाडलेले, उजव्या भागात दाबलं की उजवा क्लिक. आता ‘फिंगर्स’ आलं: एक बोट दाबलं तर डावा क्लिक, दोन बोटं एकत्र दाबली तर उजवा, मग ती टचपॅडवर कुठेही असोत. या बदलामागे विचार होता. नव्या टचपॅडांवर वेगळी बटणं नसतात, कोपरा कुठून सुरू होतो ते दाखवणारी रेघही अनेकदा नसते. दोन बोटांना ती रेघ लागत नाही. पण दहा वर्षं कोपऱ्यात दाबत आलेल्या माणसाला हा विचार कुणी सांगितला नव्हता.

जुनी पद्धत परत आणायला एक नोंद पुरते. ट्वीक्स नावाचा छोटा प्रोग्राम बसवायचा, त्यात कीबोर्ड आणि माउसच्या पानावर ‘माउस क्लिक एम्युलेशन’ शोधायचं आणि तिथे ‘एरिया’ निवडायचं. टर्मिनल आवडत असेल तर जीसेटिंग्ज या कमांडनं हेच काम एका ओळीत होतं. अपग्रेड केलेल्यांना छळलं ते मात्र या गोष्टीनं, की ही निवड गनोमच्या मुख्य सेटिंग्जमध्ये कुठेच नव्हती. ती तिथे आली मार्च 2024मध्ये, गनोम 46मध्ये. डीफॉल्ट बदलण्याला माझा विरोध नाही. प्रकल्प चालवणाऱ्यांना तो अधिकार असतो आणि कधीकधी ते कर्तव्यही असतं. पण ज्या दिवशी डीफॉल्ट बदललं, त्याच दिवशी परतीचा रस्ता समोर दिसेल असा ठेवायला हवा होता. तो सहा वर्षांनी ठेवला गेला.

‘अपग्रेडनं माझी सेटिंग पुसली’ असं आपण सहज म्हणतो. पण इथे कुणी काहीच पुसलं नव्हतं, आणि हे समजायला सेटिंग कुठे राहते ते पाहायला हवं.

गनोममध्ये ती दोन ठिकाणी राहते. पहिलं ठिकाण प्रणालीच्या मालकीचं. तिथे स्कीमा नावाच्या फाइली असतात आणि त्यांत प्रत्येक सेटिंगचं नाव, तिचा प्रकार, ती काय करते याचं एका-दोन ओळींचं वर्णन आणि तिचं डीफॉल्ट मूल्य लिहिलेलं असतं. उबुंटूसारखे वितरक गनोमच्या या डीफॉल्टांवर आपली वेगळी मूल्यं चढवतात; त्यासाठी ते ओव्हरराइड नावाच्या छोट्या फाइली सोबत देतात. दुसरं ठिकाण वापरणाऱ्याच्या मालकीचं: आपल्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात डीकॉन्फ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘यूजर’ नावाची एकच फाइल. आपण स्वतः बदललेली मूल्यं तेवढी तिथे असतात, बाकी काही नाही. एखाद्या प्रोग्रामला सेटिंग हवी असली की आधी या फाइलीत पाहिलं जातं. तिथे नोंद मिळाली तर तीच चालते, नाही मिळाली तर डीफॉल्टकडे बोट दाखवलं जातं.

अपग्रेड पहिल्या ठिकाणच्या फाइली बदलतं आणि दुसऱ्याला हात लावत नाही. म्हणजे तुम्ही कधी काळी मुद्दाम काही निवडलं असेल तर ते टिकतं. जे तुम्हाला मुळातच आवडत होतं आणि म्हणून कधी बदलावंच लागलं नाही, तेच नेमकं जातं. शेताकडे जाणारी पायवाट शेजाऱ्याच्या बांधावरून वर्षानुवर्षं चालते. कुणी हरकत घेत नाही, म्हणून कुणी तलाठ्याकडेही जात नाही. मग जमीन विकली जाते, नवा मालक कुंपण घालतो आणि लक्षात येतं की वहिवाट होती, नोंद नव्हती.

यातून एक उपाय आपसूक निघतो, आणि तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. जी वागणूक तुम्हाला मोलाची वाटते ती आज डीफॉल्ट असली तरी तिची नोंद आपल्या नावावर करून ठेवायची. टचपॅडचा कोपरा हवा असेल तर तो चालू असतानाच जीसेटिंग्जला सांगायचं की क्लिक-मेथड ‘एरियाज’ ठेव. पडद्यावर काहीच बदलल्यासारखं वाटणार नाही. पण डीकॉन्फच्या फाइलीत एक ओळ वाढलेली असेल, आणि पुढच्या वर्षी डीफॉल्ट बदललं तरी तुमचं बोट अडणार नाही.

केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये मात्र ही युक्ती बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही. तिथे सेटिंग साठवणारी यंत्रणा काटकसरी आहे: तुम्ही निवडलेलं मूल्य डीफॉल्टइतकंच असेल तर ती ते फाइलीत ठेवत नाही, आधीची ओळ असेल तर तीही काढून टाकते. फाइली आटोपशीर राहतात हे खरं, पण तुम्ही विचार करून निवडलंत की नुसतंच राहू दिलंत, हा फरक तिथे उरत नाही. 28 फेब्रुवारी 2024 रोजी केडीईच्या डेस्कटॉपची प्लाझ्मा 6 ही आवृत्ती आली तेव्हा हे ठळकपणे दिसलं. तोवर केडीईत फाइल किंवा फोल्डर एका क्लिकनं उघडायचं. ती केडीईची जुनी ओळख होती. प्लाझ्मा 6मध्ये डीफॉल्ट दोन क्लिकचं झालं, कारण दुसरीकडून येणाऱ्या बहुतेकांना तीच सवय असते. एका क्लिकवर वर्षं काढलेल्या निष्ठावंतांच्या फाइलीत तशी ओळच नव्हती, त्यामुळे त्यांना नवागतांच्याच रांगेत बसवलं गेलं. दिलासा एवढाच की केडीईनं ही निवड सिस्टिम सेटिंग्जमध्ये उघड ठेवली आहे. क्लिक केल्यावर फाइल उघडावी की नुसती निवडली जावी, एवढंच तिथे विचारलेलं असतं.

खिडकीच्या माथ्यावरच्या बटणांची कहाणी याहून लांब आहे. एप्रिल 2010मध्ये उबुंटू 10.04 आली तेव्हा बंद करण्याचं, लहान करण्याचं आणि मोठं करण्याचं अशी तिन्ही बटणं उजवीकडून डावीकडे गेली होती. एप्रिल 2011मध्ये गनोम 3 आला आणि त्यानं लहान-मोठं करण्याची बटणं पट्टीवरून काढूनच टाकली. उरलं फक्त बंद करण्याचं. गनोमचा तर्क असा की नव्या रचनेत खाली टास्कबारच नाही, मग लहान केलेली खिडकी जाणार कुठे? आणि मोठी करायची तर ती वर ओढली की झालं. पुढे ऑक्टोबर 2017मध्ये उबुंटू 17.10नं गनोम घेतला तेव्हा तिन्ही बटणं दाखवली आणि ती परत उजवीकडे नेली. साडेसात वर्षांत हात एकदा डावीकडे वळवायचा आणि मग पुन्हा उजवीकडे.

हे सगळं ठरतं ते बटन-लेआउट नावाच्या एका सेटिंगवरून, आणि तिची लिहिण्याची पद्धत मला फार आवडते. बटणांची नावं स्वल्पविरामानं वेगळी करून लिहायची आणि मध्ये एक अपूर्णविराम द्यायचा. अपूर्णविरामाच्या आधी जे लिहाल ते पट्टीच्या डाव्या टोकाला, नंतर लिहाल ते उजव्या. अपूर्णविरामापुढे मिनिमाइज, मॅक्झिमाइज, क्लोज अशी तीन नावं लिहिली की जुनी उजवी मांडणी हजर. तीच नावं, क्लोज पहिलं घेऊन, अपूर्णविरामाच्या आधी ठेवली की 2010ची डावी.

याच सेटिंगच्या वाट्याला आणखी एक प्रकार आला. गनोम 2मध्ये सेटिंग्ज जीकॉन्फ नावाच्या व्यवस्थेत राहायच्या. गनोम 3सोबत त्या हळूहळू जीसेटिंग्ज आणि डीकॉन्फकडे गेल्या. बटणांची नोंदही जागा बदलत गेली. ज्यांनी जुन्या जागी आपली पसंती लिहून ठेवली होती त्यांची ओळ शाबूत राहिली, पण ते दप्तर उघडून पाहणारं कुणी उरलं नाही. जुन्या लेखांत सापडणारी कमांड चालवल्यावर तक्रारही येत नाही आणि फरकही पडत नाही, तेव्हा बहुधा हेच घडलेलं असतं. अशा वेळी डीकॉन्फ एडिटर उघडून तीच सेटिंग आता कुठे राहते ते शोधायचं. तिथलं वर्णन वाचलं की योग्य जागी पोचलो की नाही ते लगेच कळतं.

ऑल्ट आणि टॅबच्या जोडीचंही असंच. गनोम 3मध्ये ही जोडी खिडक्यांवरून फिरत नाही, अ‍ॅप्लिकेशनवरून फिरते. लिहायला एकाच प्रोग्रामच्या तीन खिडक्या उघडल्या असतील तर त्या तिन्हींचं मिळून एकच चित्र दिसतं आणि त्यांच्यात फिरायला ऑल्टसोबत टॅबच्या वरची कळ वापरावी लागते. कीबोर्ड शॉर्टकटच्या यादीत ‘स्विच विंडोज’ नावाची क्रिया असते. ऑल्ट-टॅब तिला देऊन टाकलं की जुनी फिरती परत मिळते.

मराठीत टंकणाऱ्यांना या विषयाची सर्वांत बोचरी ओळख ऑक्टोबर 2013मध्ये झाली असेल. त्याआधी उबुंटूवर इंग्रजी आणि इन्स्क्रिप्ट या मांडण्यांमध्ये अदलाबदल करायला अनेक जण ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी वापरायचे. मराठी मजकुरात मध्येच रोमन शब्द, मग परत देवनागरी असं लिहिणाऱ्याची बोटं दिवसातून शेकडो वेळा त्या जोडीकडे जातात. तिथे विचार करायला थांबावं लागलं तर वाक्यच तुटतं. त्या महिन्यात आलेल्या 13.10मध्ये कीबोर्डच्या मांडण्या आणि आयबस या टंकनव्यवस्थेतल्या पद्धती एकाच यादीत आल्या. कल्पना चांगली होती. चिनी-जपानीसारख्या भाषांना वेगळी टंकनपद्धत लागते आणि मराठीला नुसती मांडणीही चालते, हा फरक वापरणाऱ्याच्या माथी मारायचं कारण नव्हतं. पण अदलाबदलीची जोडी बदलून सुपर आणि स्पेस झाली, आणि नव्या शॉर्टकटच्या चौकटीत नुसतं ऑल्ट-शिफ्ट भरता येईना, कारण त्या चौकटीला या कळांसोबत आणखी एखादी साधी कळ हवी असायची.

आजच्या गनोममध्येही ऑल्ट-शिफ्ट परत मिळवता येतं. ट्वीक्समध्ये कीबोर्डच्या ‘अ‍ॅडिशनल लेआउट ऑप्शन्स’मध्ये दुसऱ्या मांडणीवर जाण्याचे पर्याय असतात, त्यात ही जोडी आहे. पडद्यामागे ती एक्सकेबी-ऑप्शन्स नावाच्या सेटिंगमध्ये लिहिली जाते. टर्मिनलमधून लिहायची असेल तर आधी तिथे काय आहे ते वाचून घ्यावं, कारण ही सेटिंग म्हणजे यादी आहे आणि नवी यादी जुनीला पूर्ण झाकते. कॅप्स लॉकला कंट्रोल बनवून ठेवलं असेल तर ऑल्ट-शिफ्ट मिळवण्याच्या नादात ते जायचं. दोन्ही एकाच यादीत लिहायला हवीत.

काही जाणकारांनी हा सगळा त्रास टाळण्यासाठी सेटएक्सकेबीमॅप ही कमांड लॉगिनच्या वेळी आपोआप चालेल अशी व्यवस्था केली होती. एक्स विंडो प्रणाली होती तोवर ते चाललं. उबुंटूनं एप्रिल 2021मध्ये 21.04पासून बहुतेक यंत्रांवर एक्सऐवजी वेलँड डीफॉल्ट केलं. वेलँडवर कीबोर्डची मांडणी गनोम स्वतः सांभाळतो आणि त्या कमांडकडे लक्ष देत नाही. म्हणून पसंती लिहायची ती डेस्कटॉप जिथून वाचतो तिथेच.

आतापर्यंतच्या बहुतेक उदाहरणांत जुनी वागणूक प्रोग्राममध्ये जिवंत होती, फक्त बाजूला सरकवलेली. ती वागणूक घडवणारा कोडच काढून टाकला गेला असेल तर कुठलीही नोंद तिला परत आणत नाही. डेस्कटॉपवरची चिन्हं हे त्याचं सरळ उदाहरण. ती नॉटिलस हा फाइल व्यवस्थापक काढायचा. 3.28मध्ये नॉटिलसमधून तो भाग वगळला गेला. तो जुना झाला होता, सांभाळायला माणसं नव्हती आणि बाकीच्या सुधारणांना त्याची अडचण होत होती. उबुंटू 18.04नं म्हणून मुद्दाम नॉटिलसची आधीची 3.26 आवृत्तीच ठेवली, आणि चिन्हं आणखी वर्षभर वाचली. पुढे 19.04मध्ये तेच काम एका एक्स्टेन्शनकडे सोपवण्यात आलं.

एक्स्टेन्शन हा गनोममधला मधला मार्ग. छोटा प्रोग्राम गनोमच्या शेलमध्ये, म्हणजे डेस्कटॉप चालवणाऱ्या मुख्य प्रोग्राममध्ये शिरतो आणि हवं ते वागवून घेतो: खाली टास्कबार, वर जुना मेनू, काहीही. पण तो शेलच्या आतल्या रचनेला चिकटलेला असतो, आणि ती रचना दर सहा महिन्यांनी हलते. सप्टेंबर 2023मध्ये गनोम 45नं कोड आत घेण्याची पद्धतच बदलली, तेव्हा प्रत्येक एक्स्टेन्शन दुरुस्त करावं लागलं. ज्यांचे लेखक बाजूला झाले होते ती तिथेच थांबली. ज्यांचा रोजचा कामधंदा एखाद्या एक्स्टेन्शनवर उभा आहे, त्यांनी अपग्रेडच्या आधी ते नव्या आवृत्तीसाठी तयार झालंय का ते पाहावं आणि झालं नसेल तर महिना-दोन महिने थांबावं. मागे पडण्याची भीती बाळगायचं कारण नाही. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या असतात त्या यासाठीच.

आणि काहींनी पूर्ण डेस्कटॉपच वाचवला. 2011मध्ये गनोम 3 आल्यावर आर्जेंटिनातल्या, पेरबेरोस या टोपणनावानं वावरणाऱ्या एका आर्च लिनक्स वापरकर्त्यानं गनोम 2चा कोड घेतला आणि माते हा प्रकल्प सुरू केला. त्यातलं पहिलं मोठं काम नामांतराचं होतं. गनोम 2 आणि 3चे प्रोग्राम एकाच नावाचे असल्यानं एका यंत्रावर दोन्ही नांदेनात, म्हणून नॉटिलसचं काखा झालं, मेटासिटीचं मार्को, जीएडिटचं प्लूमा. सगळ्या फाइलींतून, सेटिंगच्या वाटांतून, लायब्ररींतून नावं बदलत जायचं. हे काम कुणाच्या कौतुकाचं नसतं. पुढची वर्षं याहून जड होती. गनोम 2 ज्या जीटीके 2 या लायब्ररीवर उभा होता ती मागे पडत होती. मातेनं एकेक प्रोग्राम जीटीके 3वर आणला आणि मार्च 2017मध्ये 1.18 आवृत्तीत ते पूर्ण केलं. 2015मध्ये उबुंटू माते हे उबुंटूचं अधिकृत रूप झालं. लिनक्स मिंटच्या क्लेमाँ लफेव्रनं दुसरी दिशा धरली. त्यानं गनोम 3चंच नवं तंत्र घेतलं, त्यावर जुन्या धाटणीचा डेस्कटॉप उभा केला आणि 2012च्या सुरुवातीला सिनॅमन म्हणून पुढे ठेवला.

या मंडळींना कुणी बदलाला घाबरणारे म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही. पट्टी खाली असावी, खिडक्यांची यादी नजरेसमोर असावी ही कामाची पद्धत असते, आणि ती हातात बसायला माणसानं वर्षं घातलेली असतात. अखेर गनोमनंही ते मान्य केलं. मार्च 2013मध्ये 3.8सोबत क्लासिक मोड आला, आणि 2014मध्ये रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्स 7नं तोच डीफॉल्ट ठेवला. बँका आणि कारखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना नव्यानं शिकवत बसणं परवडणारं नव्हतं.

तुमच्या यंत्रावर वर्तन बदललं ते प्रणालीमुळे की तुमच्याच खात्यातल्या कशामुळे, हे ओळखायला एक खात्रीची परीक्षा आहे. अपग्रेडनंतर एक कोरं यूजर खातं तयार करून त्यात लॉगिन करायचं. तिथेही तसंच वागत असेल तर डीफॉल्ट बदललंय किंवा कोड गेलाय. तिथे सगळं ठीक असेल तर तुमच्याच खात्यातली एखादी जुनी नोंद किंवा एक्स्टेन्शन आडवं येतंय. सेटिंगचं नेमकं नाव माहीत नसेल तर डीकॉन्फ कमांडला ‘वॉच’ सांगून टर्मिनल उघडं ठेवायचं आणि सेटिंग्जच्या खिडकीत जाऊन ती गोष्ट बदलायची. जी नोंद बदलली तिचं पूर्ण नाव त्याच क्षणी टर्मिनलमध्ये उमटतं. स्कीमाच्या फाइली हातानं बदलण्याचा मोह मात्र टाळावा. त्या पॅकेजच्या मालकीच्या असतात आणि पुढचं अद्ययावतीकरण त्या नव्यानं लिहितं.

अपग्रेडच्या आदल्या दिवशी डीकॉन्फला ‘डंप’ सांगितलं की तुमच्या सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत मिळतात. ती फाइल एकदा नीट वाचावी. आपण काय काय ठरवलंय आणि काय नुसतं गृहीत धरलंय ते त्यात दिसतं. अपग्रेडनंतर काही परत भरायचं असेल तर ‘लोड’ त्याच फाइलीतून भरतं, पण मोठी उडी मारली असेल, म्हणजे 18.04वरून 24.04 वगैरे, तर अख्खी फाइल एकदम ओतू नये. त्यात जुन्या एक्स्टेन्शनची यादी असते, गेलेल्या थीमची नावं असतात. खिडक्यांच्या नोंदी, कीबोर्डच्या, टचपॅडच्या अशा शाखा वेगळ्या काढून एकेक भराव्यात, आणि प्रत्येक शाखेनंतर पाच मिनिटं काम करून पाहावं.